एस्तेरबाईच्या चादरी

दिवाळीला एस्तेरबाई आमच्याकडे यायची ती फराळाला नाही, उरलेल्या रंगाला. हातात तेलाचे रिकामे डबे असायचे, कडीला दोरी बांधलेली. दारात उभी राहून विचारायची, "पारूबाई, झाला का रंग घराला? तळाला काही राहिलं असेल तर बघा." आमच्या केडगावात दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत घरं रंगवतात. भिंतींना चुना नाहीतर डिस्टेंपर, दारं-खिडक्यांना तेलाचा रंग, जोत्याला गेरू. डब्याच्या तळाशी चार बोटं रंग उरतो, त्याच्यावर साय धरते आणि शेवटी तो उकिरड्यावर जातो. तो एस्तेरबाई न्यायची. नाताळच्या आधी तिच्या लोकांची घरं रंगायची तेव्हा तिकडे फिरायची, ईदच्या आधी मुसलमानांच्या गल्लीत. तिच्या वर्षाचे असे हंगाम ठरलेले होते.

ती शाळेत चित्रकला शिकवायची. शिकवणारी बाई दारोदार डबे घेऊन फिरते याला लोक हसायचे. माझी सासू एकदा ओट्यावरून मोठ्यानेच म्हणाली, "आली बघ, रंग वाढा माय म्हणत."

एस्तेरबाईने ऐकलं. डबा पुढे करून म्हणाली, "वाढा माय, वाढा. शिळा असला तरी चालेल."

सासूला हसू आलं आणि ते तिला आवडलं नाही. पण त्या दिवसापासून तळाचा रंग ती स्वतः झाकून ठेवायला लागली.

एस्तेरबाईला जाऊन आता वर्ष होईल. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, चित्रातलं मला कळत नाही. पण एका भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं काढली की माणूस कळतं. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचे, ती मला करायची. आठवताना मात्र 'ती'च येते, तसंच लिहिते.

घरात दोघी बहिणी. थोरली मार्थाबाई नगरच्या एका दवाखान्यात नर्स होती, धाकटी एस्तेर. दोघींनी लग्न केलं नव्हतं. राहायला आल्या त्या पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, का नाही केलं म्हणून. मला आडून विचारता येत नाही. मार्थाबाई म्हणाली, "चांगला मिळाला नाही, आणि वाईट मिळाला त्याला आम्ही मिळालो नाही." दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी. पडवीत एस्तेरबाईचं काम चालायचं.

मी तिथे पहिल्यांदा गेले ते विरजण मागायला. दोरीला एक चादर टांगलेली होती. पांढऱ्यावर तपकिरी मोठा ठोकळा, त्याला लागून हिरव्या रंगाचा पट्टा, आणि खालच्या बाजूला काहीच नाही, नुसतं कापड.

"बाई, हे कशाचं चित्र हाय?"

"कशाचं म्हणजे? चुन्याचं, गेरूचं आणि तुमच्या दाराचं."

"दार तर दिसत न्हाई."

"दार तुमच्याकडं आहे. रंग माझ्याकडं आलाय."

"आन् खाली रिकामं का सोडलं?"

"गेरू संपला."

मला वाटलं, बाई निदान खरं बोलते. मी विरजण घेऊन निघाले तशी ती मागून म्हणाली, "पारूबाई, संपला हे खरं. पण कुठं संपवायचा ते मी ठरवलं. डब्यात एवढाच आहे हे मला आधी माहीत होतं."

हे मला कळलं. पाहुणे जास्त आणि पीठ कमी असलं की बाई परातीत पाणी घालायच्या आधी मनात भाकऱ्या थापून घेते. एक भाकरी थोडी मोठी झाली की शेवटचं माणूस उपाशी. एस्तेरबाईचं चित्र तसं होतं. ती तासन्‌तास चादरीसमोर बसायची, हात मांडीवर. लोकांना वाटायचं बाई रिकामी बसली आहे. ती मनात थापत असायची.

तिला साधी चित्रं येत नव्हती असं नाही. शाळेच्या गॅदरिंगला पडद्यावर मोर काढायची तर मुलं पिसाला हात लावून बघायची. मोठ्या बाईंना तेच आवडायचं. शाळेत तिचं दुसरं एकही चित्र कधी भिंतीवर लागलं नाही. मी एकदा म्हटलं, "एवढा चांगला मोर येतो, तर घरी बी मोर काढा की. चार लोकं बघतील."

ती म्हणाली, "शाळेच्या मोराला शाळेचा रंग असतो. घरी मोराला लागणारा निळा कुठून आणू? आपल्याकडं कोण दार निळं देतं? माझ्याजवळ आहे चुना, गेरू, गेटाला मारतात तो तांबडा, आणि यंदा सगळ्यांनी पिस्ता दिलाय म्हणून पिस्ता. एवढ्यात मोर बसत नाही. मग एवढ्यात काय बसतं ते बघते."

आमच्या गल्लीने ज्या वर्षी घरांना पिस्ता दिला त्या वर्षी तिची चित्रं पिस्ता. पुढे बदामीची टूम आली, तेव्हा बदामी. तिच्या चादरींवरून कोणत्या साली कोणाचं घर कोणत्या रंगाचं होतं ते मी सांगू शकले असते. पण त्या राहिल्या नाहीत. ते पुढे सांगते.

चादरी यायच्या मार्थाबाईच्या दवाखान्यातून. जुन्या झालेल्या चादरी तिथे रद्दीत काढायचे, मार्थाबाई वरच्या डॉक्टरांना विचारून आणायची. माणूस पलंगाच्या मध्ये झोपतो, म्हणून चादर मध्येच विरते. एस्तेरबाई विरलेला मधला भाग कापून काढायची आणि दोन्ही कडा आत घेऊन जोडायची. त्यामुळे तिच्या प्रत्येक चित्राच्या मध्यावर उभी शिवण. त्या शिवणीवर रंग धड बसत नसे, म्हणून डावीकडचं डावीकडे आणि उजवीकडचं उजवीकडे थांबायचं. मी म्हटलं, "भाऊ-भाऊ वायले निघाल्यासारखं दिसतंय." तिला ते पटलं. म्हणाली, "वेगळे निघाले तरी भिंत एकच असते ना, तसं."

कापडाला आधी मैद्याची खळ द्यायची, तिच्यात मोरचूद टाकायचं म्हणजे किडा लागत नाही, मग चुना. एकदा मोठा घोटाळा झाला. मार्थाबाई नर्स, नाव नसलेली बाटली घरात ठेवायची नाही. एस्तेरबाईने मोरचूद चटणीच्या बरणीत ठेवलं होतं, मार्थाबाईने ते खड्डा करून पुरून टाकलं. एस्तेरबाईने एवढ्या वेळेला चालेल म्हणून बिनमोरचुदाची खळ दिली. आठ-पंधरा दिवसांत झुरळांनी चादर अशी खाल्ली की चुन्याला नकाशासारखे डाग पडले. दोघींचं भांडण मला भिंतीपलीकडे ऐकू येत होतं.

"विचारायचं तरी होतंस, ताई!"

"बरणीला विचारलं. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. एखाद्या दिवशी आमटीत पडलं असतं म्हणजे? चित्र गेलं, तू राहिलीस. मोठं नुकसान झालं म्हण."

नंतर एस्तेरबाईने ती खाल्लेली चादर तशीच टांगली आणि झुरळांनी जिथे सोडलं होतं तिथून पुढे काम केलं. म्हणाली, "त्यांनीही भूक होती तेवढंच खाल्लंय."

दवाखान्यातून आणखी एक गोष्ट यायची. जखमेला लावायचं जांभळं औषध. मुदत संपलेल्या बाटलीच्या बुडाशी जे राहतं ते. एस्तेरबाईकडे असलेला हा एकच झगझगीत रंग, आणि तो थेंबांनी मोजण्याएवढा. एका चित्राला एकदाच. तो कुठे द्यायचा याचा विचार ती कितीतरी दिवस करायची. मार्थाबाई ड्युटीवरून येऊन चप्पल काढता काढता म्हणायची, "अजून नाही लावलं? अगं, आमचे डॉक्टर माणसाचं पोट फाडताना एवढा विचार करत नाहीत." पण तो थेंब पडला की सगळी चादर त्याच्याकडे ओढल्यासारखी दिसायची. एवढं मलाही दिसायचं.

चादरी मिळून थोड्याच. त्या भरल्या की एस्तेरबाई जुन्या चित्रावर चुन्याचा हात मारायची आणि वर नवीन करायची. मी एकदा भांडले. गेरूचं एक चित्र होतं, रब्बीचं रान नांगरून टाकल्यावर दिसतं तसं. ते मला बघायला आवडायचं. एक दिवस गेले तर पांढरं.

"बाई, ते पुसलं व्हय?"

"कापड पाहिजे होतं."

"मला विचारायचं तरी."

"तुमी काल सारवलेल्या जमिनीवर आज पुन्हा सारवताना कुणाला विचारता का?"

मी तिला एकदा असंही सांगितलं होतं की गरिबीचं कौतुक मला करू नका, मी ती भोगली आहे. तिने कधी केलंही नाही. तिला रंग परवडत नव्हते म्हणून ती उरलेले रंग वापरायची, दुसरं काही कारण नव्हतं. शाळेचा पगार वेळेवर होत नसे आणि दोघींनी मिळून घर बांधलं होतं. पुढे सवय झाली ती झाली.

तिची एक जुनी विद्यार्थिनी, वैशाली, पुण्यात चित्रकला शिकवते. ती एकदा घरी आली, चादरी बघितल्या आणि निघताना पुन्हा पडवीत जाऊन बघून आली. पुढच्या खेपेला बाईंसाठी रंगांची मोठी पेटी आणि ताणलेलं कोरं कापड घेऊन आली. एस्तेरबाई लहान मुलासारखी हरखली. प्रत्येक नळी उघडून वास घेतला. त्या कापडावर तिने महिनाभर काम केलं आणि मला बोलावलं.

मी बघितलं. "एस्टी स्टँडवरच्या पानटपरीवानी दिसतंय."

मार्थाबाई हसून हसून खोकायला लागली. एस्तेरबाई हसली नाही. बराच वेळ चित्राकडे बघून म्हणाली, "खरं आहे तुमचं. सगळंच आहे म्हटल्यावर कुठं थांबायचं ते कळेना." मग तिनेच त्याच्यावर चुना फिरवला. पेटी फेकून दिली नाही. त्यातला निळा तेवढा तिने ठेवून घेतला आणि बाकीचे रंग शाळेच्या मुलांना दिले. निळाही मग जांभळ्यासारखाच वापरायची, जपून.

वैशालीने बाईच्या मागे लागून प्रदर्शन ठरवलं. नगरमध्ये एक हॉल घेतला. शहराचं नाव आता बदललं आहे, माझ्या तोंडात नगरच येतं. एस्तेरबाई वर्षभर नको नको म्हणत होती आणि मग एकदम हो म्हणाली. तोपर्यंत ती रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. तिची चित्रं मी बघितलेली, मार्थाबाईने बघितलेली आणि पडवीतल्या पालींनी. तिला ते प्रदर्शन किती पाहिजे होतं ते तिने बोलून दाखवलं नाही, पण मी बघत होते. दर दिवाळीला चादर पुसणारी बाई, त्या वर्षी एकही पुसली नाही. सगळ्या चादरींना वरच्या कडेला नाडीसारखी पट्टी शिवली, काठी ओवायला. मला म्हणाली, "पारूबाई, पहिल्या दिवशी तुमी यायचं. पुढं बसायचं."

"तिथं काय कीर्तन हाय का पुढं बसायला?"

"मग पुढं उभं राहा. कुणी विचारलं तर सांगा, हिरवा माझ्या दाराचा आहे."

मार्थाबाईने नेसायची साडीसुद्धा काढून ठेवली होती.

श्रावणात मी लेकीकडे देवळाली प्रवराला गेले. तिचं ऑपरेशन होतं, घरात करणारं कोणी नाही, म्हणून महिनाभर राहिले. परत आले तेव्हा प्रदर्शनाला थोडे दिवस उरले होते. रिक्षातून उतरले तर शेजारच्या अंगणात दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांच्यावर सगळ्या चादरी. मला वाटलं, बाईने चित्रं उन्हाला घातली. जवळ गेले. ती चित्रं नव्हती. चुना निघून गेला होता, गेरू धुपून गुलाबी पडला होता. जिथे तेलाचा रंग होता ते तुकडे कात्रीने चौकोनी कापून काढलेले आणि त्या जागी जुन्या फ्रॉकचं, परकराचं ठिगळ. सोड्याचा वास येत होता, आणि दुसराही. जिने म्हाताऱ्यांचं केलं आहे तिला तो वास सांगावा लागत नाही.

मार्थाबाईला अर्धांग झालं होतं. उजवी बाजू गेली होती. दवाखान्याने ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणून सांगितलं. अंथरुणात सगळं होत होतं. ओढाताणीचे दिवस, पावसाची झड, वाळत काही नाही आणि नळाला पाणी चार दिवसांआड. घरातल्या चादरी दोन दिवसांत संपल्या. मग एस्तेरबाईने पडवीतली एक चादर काढली, भिजवली, चोळली आणि बहिणीच्या खाली घातली. मग दुसरी.

आत गेले तर मार्थाबाई पडून होती. तोंड वाकडं झालेलं, पण जीभ अजून तिची तीच. शब्द ओढत म्हणाली, "पारूबाई… जन्मभर लोकांच्या चादरी बदलल्या. आणि माझी चादर बोचते. तुमच्या दाराचा… हिरवा बोचतो."

तेलाचा रंग वाळला की कडक होतो. पाठीला जखम व्हायला तेवढं पुरतं. म्हणून एस्तेरबाईने हिरवे, तांबडे, पिस्ता असे सगळे कडक तुकडे कापून काढले होते.

मी तिला बाहेर घेऊन गेले. "कापलेलं कुठं हाय?"

"बंबात घातलं. पाणी तापवायला. तेलाचा रंग चांगला पेटतो."

"बाई, येड लागलं का तुमाला? माझ्या पेटीत जुनी लुगडी पडल्यात. सुनंला हाक मारायची. गल्लीत कुणालाबी हाक मारायची. कापड कुणी न्हाई म्हटलं असतं का?"

ती दोरीवरची चादर सारखी करत राहिली.

"दारोदार फिरून रंग मागता. तवा लाज वाटत न्हाई, आन् धडुतं मागायला वाटली?"

तेव्हा ती म्हणाली, "रंग मी चित्रासाठी मागत होते. हे माझ्या घरातलं होतं."

मला राग आला होता, अजूनही येतो. मी घरी जाऊन पेटीतली सगळी लुगडी आणून तिच्यासमोर टाकली. तिने ती घेतली. पण तोवर एकही चादर राहिली नव्हती.

दोन दिवसांनी वैशाली टेम्पो ठरवायला आली. तिला कोणी कळवलं नव्हतं. ती अंगणात दोऱ्यांच्या मध्ये उभी राहिली. मी भाजी निवडत ओट्यावर बसले होते, मला वाटलं आता पोरगी रडणार. ती रडली नाही. एकेक चादर हातात धरून उन्हात बघायला लागली. पुसट गुलाबी, ठिगळं, मधली शिवण, पिवळट डाग, आणि कुठे कुठे जांभळा, तो औषधाचा असल्यामुळे गेलेला नव्हता. ती हळूच म्हणाली, "बाई, हीच लावूया."

"काय?"

"हीच. आहेत तशी. बाई, मी खरं सांगते, ही तुमच्या आधीच्या चित्रांपेक्षाही… यात सगळं आहे."

एस्तेरबाईने तिच्या हातातली चादर काढून घेतली. ओढून नाही, सावकाश. तिची घडी घालत म्हणाली, "हे चित्र नाही, वैशाली. ही माझ्या बहिणीची चादर आहे."

"पण बाई, झुरळांनी खाल्लेलं तुम्ही घेतलंत. शिवण घेतलीत. रंग संपला तर ते घेतलंत. मग हे का नाही?"

प्रश्न बरोबर होता. मी भाजी निवडायची थांबले.

एस्तेरबाई म्हणाली, "झुरळांनंतर मी समोर बसले होते. कुठं काय ठेवायचं, कुठं थांबायचं ते बघितलं होतं. इथं मी काहीच बघितलं नाही. ताईला टोचू नये एवढंच बघत होते. ती गोष्ट वेगळी. ती लोकांना दाखवायची नसते."

"हॉल घेतलाय, बाई. लोकांना बोलावलंय."

"त्यांना सांग, चित्रं धुतली."

वैशाली पायरीवर बसली, मग रडली. एस्तेरबाईने तिला चहा करून दिला. आतून मार्थाबाईने हाक मारली तशी चहा अर्धा टाकून गेली. वैशालीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एस्तेरबाईचंही नाही. चित्र म्हणजे काय हे मला त्या दिवशी थोडं कळल्यासारखं वाटलं, पण सांगायला गेले तर सांगता येत नाही.

मार्थाबाई पुढे दिवाळीपर्यंत राहिली आणि गेली. पुरायची पेटी घाईने करून आणलेली, आतून नुसतं लाकूड. त्यांच्यात पेटीला आतून पांढरं कापड लावतात. चर्चच्या बायका नवं कापड घेऊन आल्या होत्या. एस्तेरबाई म्हणाली, "कापड आहे." धुतलेल्या, इस्त्री केल्यासारख्या घड्या घातलेल्या चादरी तिने आणल्या. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, हे नवं आहे, चांगलं आहे."

"तिला नव्याची सवय नाही, साहेब."

मी कापड धरलं आणि तिने बारीक चुका ठोकल्या. चुका ठोकता ठोकता ती मध्येच थांबायची, मागे सरून बघायची आणि एखादी चादर काढून फिरवून लावायची. पडवीत बसायची तशी. एक जांभळा डाग उशाशी आला, डावीकडे. बाकी सगळं फिकट. लोक तोंड बघायला आले तेव्हा एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं बाई, डाग दिसतायत." एस्तेरबाईने ऐकलं असणार. ती बहिणीकडे बघत होती. मग झाकण लावलं.

त्या वर्षी ती कोणाच्या दारात रंगाला आली नाही. नाताळ गेला, उन्हाळा गेला. पडवीतली दोरी रिकामी. मीच एक दिवस डब्याच्या तळाचा रंग आणि नेसून जुनी झालेली आणखी दोन लुगडी तिच्या पडवीत नेऊन ठेवली.

"मी मागितलं नव्हतं, पारूबाई."

"मी बी दिलं न्हाई. ठिवलंय."

ती पुन्हा कामाला लागली त्याला आणखी बरेच दिवस गेले. लुगड्याचं कापड चादरीसारखं नव्हतं. काठ दाट विणीचा, त्याच्यावर चुना धरत नसे, पापुद्रे निघायचे. मग तिने काठ सोडून द्यायला सुरुवात केली. त्या शेवटच्या वर्षांतल्या चित्रांना सगळ्यांना खालून माझ्या लुगड्यांचा काठ आहे, हिरवा, तांबडा, एकाला काळा. तिचे रंग त्या काठाला बघून बदलले. मध्ये शिवण नाही म्हणून आधी तिला चुकल्यासारखं व्हायचं. "आता मधोमध थांबवणारं कुणी नाही," असं एकदा म्हणाली, पण ते ती चित्राबद्दलच बोलत होती की काय, मी विचारलं नाही.

वैशालीने पुन्हा प्रदर्शनाचं काढलं तेव्हा बाई "बघू" म्हणाली. ते बघू तसंच राहिलं. गेल्या वर्षी थंडीत दोन दिवस ताप आला आणि ती गेली. मागून वैशाली आली आणि चित्रं घेऊन गेली. लावणार आहे म्हणते. लावू दे.

दोरीवर एक लुगडं राहिलं होतं. त्याला खळ दिलेली, चुन्याचा हात दिलेला, नीट वाळलेला. रंग नाही. वैशालीने विचारलं, "आजी, हेही नेऊ?"

मी म्हटलं, "न्हाई. त्यात बाईनं अजून काही केलं न्हाई."

ते माझ्याकडे पेटीत आहे. चित्र झालेलं नाही म्हणून दिलं नाही, आणि आता नेसायच्या कामाचंही राहिलेलं नाही. सून म्हणते, आई, गरम पाण्यात टाकलं तर चुना निघेल, गोधडीला होईल. निघेल, मला माहीत आहे. मी ते धुतलेलं नाही.